दादाचा 'गॅप' आणि माझं मशीन

सकाळी पावणेसातला दादाचा फोन आला तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आमचा दादा त्या वेळेला द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर औषध फवारायचा ब्लोअर घेऊन फिरत असतो आणि तेव्हा तो कुणाचाच फोन घेत नाही, करायचं तर लांबच. "बाळू, परत पाय धरला बघ," एवढंच म्हणाला. डावा का? डावाच. मग मी पाठ असलेले प्रश्न टाकले, लघवी नीट होतीय का, बसायच्या जागेला बधीर लागतंय का, दोन्ही पायांत आहे का एकातच, पाऊल उचलतंय का. यातल्या एकाला जरी वाकडं उत्तर आलं असतं तर मी फोन ठेवून थेट गाडी काढली असती, कारण कमरेत खाली जाणारा नसांचा अख्खा झुपका दबला तर तिथे दिवस मोजत बसायचं नसतं, तास मोजायचे असतात. पण तसं काही नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर दादा म्हणाला, "परत गॅप पडला आसंल की रं."

तर हा गॅप. मी मिरजेत एका सेंटरला एमआरआय टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली (मिरज म्हणजे सतारी आणि दवाखाने, त्यातला मी दवाखान्यांच्या बाजूचा). या अकरा वर्षांत कंबर दाखवायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मला सांगतो की त्याच्या मणक्यात गॅप आहे. आता खरं म्हणजे दोन मणक्यांमध्ये गॅप असायलाच पाहिजे, त्या गॅपमध्ये गादी असते म्हणून तर आपण वाकतो. दुखणं होतं ते गॅप पडल्यामुळे नाही, उलट बहुतेक वेळा गादी सुकून तो गॅप कमी झालेला असतो. गादीला बाहेरून चिवट पापुद्र्यांचं कडं असतं, आत मऊ गर असतो, कडं फाटलं की गर मागे सरकतो आणि तिथून चाललेल्या नसेवर बसतो. मग कुल्ल्यापासून पावलापर्यंत करंट. हे गादीमुळे होतं हे सुद्धा आपल्याला तसं उशिरा कळलंय, १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ते छापलं, त्याआधी ऑपरेशनमध्ये असा तुकडा निघाला की डॉक्टर त्याला गाठ समजायचे. पण हे सगळं आमच्या वेटिंग रूममध्ये सांगून काय उपयोग, गॅप हा शब्द आता शेंगदाण्याच्या चटणीसारखा घराघरात आहे.

दादाचं पहिलं ऑपरेशन २०२१ ला झालं होतं. एल-४ एल-५, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी, डावी बाजू, मागून छोटा काप देऊन थोडं हाड कोरून तुकडा काढला, मायक्रोस्कोपखाली. तिसऱ्या महिन्यात तो बागेत, सहाव्या महिन्यात ट्रॅक्टरवर. तीन वर्षं मस्त गेली, इतकी मस्त की तो ऑपरेशन झालंय हेच विसरला आणि पन्नास किलोची खताची पोती स्वतः उचलायला लागला, वहिनी ओरडायच्या पण तो ऐकतो थोडाच. आणि वरून तो ट्रॅक्टर. ज्यांनी द्राक्षबागेतल्या सऱ्यांमधून ब्लोअर लावून ट्रॅक्टर चालवलाय त्यांना माहितीय की तिथे कमरेला काय हादरे बसतात ते.

ऑपरेशननंतर मधे निदान सहा महिने तरी बरं वाटून मग त्याच जागची गादी परत सरकली तर तिला रिकरंट म्हणतात, म्हणजे पुन्हा झालेली. साधारण शंभरात पाच ते पंधरा जणांना होतं असं समजतात. कारण सोपं आहे, ऑपरेशनमध्ये बाहेर आलेला तुकडा काढतात, अख्खी गादी काढत नाहीत, आणि कड्याला पडलेलं भोक सहसा कुणी शिवत बसत नाही, ते आपोआप भरेल तेवढंच. भोक मोठं असेल तर आतला उरलेला गर परत त्याच दारातून बाहेर येऊ शकतो. हे पहिल्या वेळी आम्हाला सांगितलं होतं, सही पण घेतली होती, पण तेव्हा कोण लक्ष देतंय.

आता गंमत इथून सुरू होते. दादाने मला न सांगता (मी ड्युटीवर होतो, त्रास नको म्हणून) तालुक्याला एका ठिकाणी एमआरआय करून टाकला. साधा, इंजेक्शन न देता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की एल-४ एल-५ ला ऑपरेशननंतरचे बदल दिसतात, डाव्या बाजूला नसेभोवती टिश्यू दिसतोय, तो व्रण असू शकतो किंवा गादी असू शकते, लक्षणांशी ताडून पाहावे. वहिनींनी फोनवर वाचून दाखवला आणि विचारलं, "म्हणजे नेमकं काय हो भाऊजी?" म्हटलं म्हणजे नेमकं काहीच नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याची चूक नाही त्यात, साध्या स्कॅनवर खरंच तेवढंच कळतं. पण दादासाठी सगळा खेळ त्याच एका प्रश्नावर होता, व्रण का गादी.

कारण असं आहे की एकदा ऑपरेशन झालं की जखम भरताना नसेभोवती चिकट व्रण तयार होतोच, जसा आपल्या गुडघ्याला होतो तसा आतही. साध्या चित्रात हा व्रण आणि नवीन सरकलेली गादी दोन्ही करड्या रंगाच्या, एकमेकांना चिकटलेल्या, कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते कळत नाही. आणि व्रण असेल तर ऑपरेशन करून फार काही हाती लागत नाही, उलट अजून व्रण. गादी असेल तर काढता येते. म्हणजे उपचाराची दिशाच फिरते.

यासाठी गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन एमआरआय करतात, आम्ही नुसतं कॉन्ट्रास्ट म्हणतो. व्रणात बारीक रक्तवाहिन्या असतात, गादीच्या गरात रक्तवाहिनी नसते. इंजेक्शन शिरेतून गेलं की रक्ताबरोबर व्रणात लगेच पोचतं आणि व्रण चित्रात पांढरा उजळतो, गादीचा तुकडा मात्र मधे काळपट राहतो आणि त्याच्या कडेने पांढरी रेघ येते. अंधारात दिवा लावल्यावर मधे कुणीतरी पाठमोरं उभं असावं तसं. पण यात एक मेख आहे आणि ती टेक्निशियनच्या हातात आहे, वेळ. इंजेक्शननंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच चित्रं घ्यावी लागतात. अर्धा तास गप्पा मारत बसलात तर औषध हळूहळू झिरपून गादीत पण जातं, ती पण उजळते आणि सगळं परत मुसळ केरात. म्हणून आम्ही सुई आधीच लावून ठेवतो, आधीची साधी चित्रं घेतो, मग पेशंटला जराही न हलवता औषध देतो आणि लगेच त्याच जागेची त्याच मापाची चित्रं परत घेतो, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

मधे सहा आठवडे गोळ्या, आराम, फिजिओ असं सगळं झालं. आणि हे करायलाच पाहिजे, पुष्कळ लोकांची परत सरकलेली गादी सुद्धा ऑपरेशनशिवाय शांत होते, सुटा पडलेला तुकडा शरीर स्वतःच खाऊन टाकतं. दादाचं दुखणं पण थोडं कमी झालं होतं, तो खूश होता. एके दिवशी वहिनींचा फोन, "भाऊजी, ह्यांच्या डाव्या पायातली चप्पल वाटेत सुटून पडती आणि ह्यांना कळत पण नाही." ते ऐकून मला घाम फुटला. चप्पल धरून ठेवायला अंगठा वर ओढावा लागतो आणि ते काम एल-५ नावाच्या नसेचं. दुखणं कमी आणि ताकदही कमी, हे चांगलं लक्षण नव्हे. त्याच दिवशी पुण्यातल्या एका सर्जनची वेळ घेतली, दुर्बिणीतून मणक्याचं ऑपरेशन करणारे. त्यांनी तपासलं, अंगठा ढकलून बघितला, जुनी फिल्म दिव्यावर लावली, दहा सेकंदांत काढून ठेवली आणि कॉन्ट्रास्ट एमआरआय आणा म्हणाले. भाऊच टेक्निशियन आहे म्हटल्यावर त्यांनी मला फोन लावला, आणि त्या फोनवर माझा अकरा वर्षांचा तोरा उतरला.

मी म्हटलं सर, आमचा नेहमीचा प्रोटोकॉल आहे, उभे काप, आडवे काप, कॉन्ट्रास्ट. ते म्हणाले, "तो रिपोर्टसाठी ठीक आहे. मला आत जायचंय."

मग त्यांनी काय काय पाहिजे ते सांगितलं. एक, आडवे काप नेहमी आम्ही प्रत्येक गादीच्या रेषेत तिरके घेतो आणि दोन गाद्यांच्या मधली जागा सोडून देतो, म्हणजे तीन पोळ्या इथे, तीन पोळ्या तिथे. तुकडा गादीतून निघून खाली मणक्याच्या मागे घसरला असेल तर तो नेमका त्या सोडलेल्या जागेत सापडतो. तर वरून खालपर्यंत सलग काप पाहिजेत, मधे काही सोडू नका. दोन, उभे काप कडेपर्यंत न्या, ज्या खिडकीतून नस बाहेर पडते ती दोन्ही बाजूंची पूर्ण दिसली पाहिजे. तीन, आणि हे मला आयुष्यात कुणी मागितलं नव्हतं, एक आडवी सिरीज अशी घ्या की चित्रात पाठीच्या कातडीपासून पोटापर्यंत आणि या कुशीपासून त्या कुशीपर्यंत सगळं येईल. आमचं नेहमीचं आडवं चित्र म्हणजे वीसेक सेंटिमीटरचा चौकोन, मधे मणका, कडा कापलेल्या. त्यांना कडाच हव्या होत्या. कारण ते सुई कडेने घालणार होते.

किडनीची तपासणी म्हणजे क्रिएटिनिन आधी करून घेतलं, किडनी फारच अशक्त असेल तर गॅडोलिनियम द्यायचं का नाही याचा डॉक्टरला विचार करावा लागतो. दादाचं नॉर्मल. वजन ७२ किलो, म्हणजे १४ मिलीच्या आसपास औषध. मग त्याला आत घ्यायच्या आधी खिसे तपासले. तुम्हाला सांगतो, एमआरआय टेक्निशियनचं निम्मं आयुष्य लोकांच्या कमरेला काय काय असतं ते काढण्यात जातं, तंबाखूची डबी, किल्ल्यांचा जुडगा, ताईत, आणि नेमका कमरेवरच चांदीचा करदोडा. चांदी चुंबकाला चिकटत नाही म्हणून लोक भांडतात, पण धातूचं कडं अंगावर असलं तर तापू शकतं आणि नेमकं बघायची जागाच चित्रात बिघडवू शकतं. दादाचा करदोडा आईने बांधलेला, तो काढायला तयारच होईना. आईलाच फोन लावून दिला. आई म्हणाली, "काढ की बाबा, मी काय गाठ मारलीय का जन्माची."

गुडघ्याखाली मोठी उशी दिली, त्याने कंबर सैल पडते आणि माणूस हलत नाही. अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त लागलं, त्याला आत तो खटखटाट ऐकत "ब्लोअर बरा याच्यापेक्षा" असं वाटत होतं म्हणे. मी बाहेर काचेमागे. रोज हजारवेळा बघतो ते चित्र, पण आपल्या भावाचा मणका स्क्रीनवर एकेक काप करून उलगडतो तेव्हा हात जरा थंड पडतात हे खरं. आधी साधी चित्रं. जुन्या ऑपरेशनची जागा दिसली, मागचं थोडं हाड नाही, आणि तिथे दोन बारीक काळे ठिपके, हाड कोरताना ड्रिलचे जे अगदी सूक्ष्म कण राहतात ते एमआरआयमध्ये त्यांच्या मापापेक्षा मोठे दिसतात. मग औषध दिलं. आणि दुसऱ्या मिनिटाला आलेल्या कापात ते दिसलं. मागे आणि कडेने पांढरा धूर झाल्यासारखा व्रण, आणि त्याच्या पुढे, नसेला खालून रेटणारा, पांढऱ्या किनारीचा काळा गोळा. म्हणजे दोन्ही होतं, व्रण पण आणि गादी पण. पण दाबत होती ती गादी.

सीडी घेऊन पुण्याला गेलो, मी पण रजा टाकून गेलो, कारण मला बघायचं होतं हा माणूस माझ्या कडांचं करतो काय. रिपोर्टचा कागद त्यांनी वाचला पण बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरवर बसले आणि आम्हाला दोघांना शेजारी बसवलं. दादाने पहिलाच प्रश्न टाकला, "सायेब, दुखतंय डावीकडं आन गोळा उजवीकडं दिसतोय." बरोबर आहे, आडव्या चित्रात पेशंट पायाकडून बघितल्यासारखा असतो, चित्राची डावी बाजू म्हणजे त्याची उजवी. हे रोज कुणीतरी विचारतं.

पहिलं काम त्यांनी मणके मोजले. हो, नुसते मोजले, वर मानेपासून खाली. काही लोकांमध्ये शेवटचा मणका खालच्या हाडाला अर्धामुर्धा जुळलेला असतो किंवा खालचा एखादा सुटलेला असतो, मग एकाचा एल-४ दुसऱ्याचा एल-५ होतो, आणि ऑपरेशनमध्ये एक मजला चुकणं म्हणजे काय ते सांगायला नको. दादाचे कमरेचे पाच मणके सरळ होते. मग उभ्या कापात गादीची रेघ धरून तुकडा किती खाली उतरलाय ते मोजलं. एल-५ च्या पेडिकलच्या, म्हणजे मणक्याच्या पुढच्या भागाला मागच्या कमानीशी जोडणाऱ्या हाडाच्या खांबाच्या, मध्यापर्यंत पोचला नव्हता, वरच्या अर्ध्यातच होता. ते म्हणाले हे चालेल, याच्याही खाली फार उतरला असता तर बाजूच्या वाटेने तिथवर पोचणं अवघड जातं, मग दुसरी वाट बघावी लागली असती.

आता वाट म्हणजे काय ते सांगतो, कारण मला स्वतःला हे नीट त्या दिवशी कळलं. पहिलं ऑपरेशन मागून झालेलं. परत मागूनच जायचं तर आधी तो व्रण सोलायचा, आणि व्रण नसांच्या पिशवीच्या आवरणाला चिकटलेला असतो, सोलताना आवरण फाटलं तर आतलं पाणी गळतं. जुन्या भिंतीवरचा रंग खरवडताना गिलावा निघतो ना तसं. याउलट बाजूने, कुशीकडून तिरकं गेलं, तर नस जिथून बाहेर पडते त्या खिडकीतून गादीपर्यंत पोचता येतं आणि ती वाट आजवर कुणी वापरलेलीच नाही, तिथे व्रण नाही. त्या खिडकीत एक तिकोनी मोकळी जागा असते, कांबिन नावाच्या सर्जनच्या नावाने ती ओळखतात. एका बाजूने तिरकी उतरणारी वरची नस, खाली खालच्या मणक्याचा वरचा काठ, आणि आतल्या बाजूला सांध्याचं हाड आणि त्याच्या पलीकडे खाली जाणारी नस. या तिकोनातून सुई घालायची, सुईवरून नळी, नळीतून दुर्बीण. कातडीला काप आठेक मिलिमीटरचा.

पण तिकोन प्रत्येकाचा वेगळा. दादाची गादी सुकून बसलेली, म्हणजे दोन मणके जवळ आलेले, म्हणजे खिडकी बुटकी. कडेच्या उभ्या कापात त्यांनी दाखवलं, वरून बाहेर पडणाऱ्या एल-४ नसेभोवती पांढऱ्या चरबीचं कडं अजून शिल्लक आहे, म्हणजे ती दबलेली नाही आणि तिला चुकवायला थोडी जागा आहे, पण खालून सांध्याचं टोक आत आलंय. "हे टोक थोडं कोरावं लागणार, तुकडा खाली आहे म्हणून पण आणि खिडकी लहान म्हणून पण." म्हणजे ऑपरेशन टेबलवर गेल्यावर बघू असं नाही, कुठलं हाड किती कोरायचं हे ते आधीच माझ्या चित्रावर बघून ठरवत होते.

आणि मग माझ्या कडा. कातडीपासून पोटापर्यंतच्या त्या मोठ्या चित्रावर त्यांनी तुकड्यावर एक टिंब दिलं, तिथून सांध्याच्या पुढून कुशीच्या दिशेने एक सरळ रेघ ओढली, ती कातडीला जिथे टेकली तिथून मधल्या रेषेपर्यंत अंतर मोजलं. ११ सेंटिमीटर. बारीक माणसाचं कमी, सुटलेल्या माणसाचं जास्त, म्हणूनच प्रत्येकाचं मोजावं लागतं. मग त्या रेघेच्या आसपास आतडं कुठे आहे ते बघितलं. काहींचं मोठं आतडं जरा जास्तच मागे आलेलं असतं, सुई फार कडेने आणि फार आडवी घातली तर ते वाटेत येऊ शकतं. अकरा वर्षं मी या कडा कापून टाकत होतो, चित्र सुबक दिसावं म्हणून!

मी आगाऊपणा करून म्हटलं, सर म्हणजे ११ ला खूण करून सरळ घालायची. ते हसले. एमआरआयमध्ये माणूस उताणा असतो, ऑपरेशनला पालथा, पोट लोंबतं, आतडं सरकतं, कमरेचा बाक बदलतो. चित्रावरचं माप म्हणजे पत्ता, घर शोधायचं ते शेवटी टेबलवर, सी-आर्म नावाच्या मशीनच्या चालू एक्स-रेमध्ये बघत बघत.

एक्स-रे पण काढायला लावले होते, पुढे वाकून एक आणि मागे वाकून एक. एमआरआय झोपवून काढतात, त्यामुळे वाकल्यावर मणका मणक्यावरून सरकतोय का हे त्यात कळतच नाही. सरकत असेल तर नुसता तुकडा काढून भागत नाही, स्क्रू आणि पट्ट्या घालून दोन मणके जोडायचा विचार करावा लागतो. दादाचं स्थिर होतं. कमरेच्या हाडाचा काठ किती उंच आहे ते पण त्याच एक्स-रेवर बघितलं, एल-४ एल-५ ला सहसा अडचण येत नाही पण त्याखालच्या गादीला हा काठ वाटेत येतो, मग तिथे पुष्कळदा बाजूने न जाता मागून दोन कमानींच्या फटीतून दुर्बीण घालतात.

ऑपरेशनबद्दल मी फार सांगू शकत नाही, मी बाहेर चहाच पीत होतो, चार कप झाले. दादा जागा होता पूर्ण वेळ. तेवढीच जागा भूल देऊन बधिर करतात आणि माणसाला बोलतं ठेवतात, कारण सुई किंवा अवजार नसेजवळ गेलं तर पेशंट स्वतःच ओरडून सांगतो, त्याच्याइतका चांगला अलार्म नाही. दादा सांगतो, "मधी एकदा पायात अशी कळ गेली की मी म्हटलं सायेब तिकडं नको, तर ते म्हणाले शाब्बास, आता हलू नका." हाड कोरताना कवटीपर्यंत घुरघुर येते म्हणे. मग कधीतरी एका क्षणी पाय हलका झाला. त्याच्या शब्दांत, "पायावरनं कुणीतरी बैल उठावा तसं." नंतर त्यांनी त्याला डबीत तुकडा दाखवला, शिजलेल्या खेकड्याच्या गरासारखा पांढरा, बोटाच्या एका पेराएवढा. दादाने तो घरी न्यायला मागितला. दिला नाही, तपासणीला पाठवला.

संध्याकाळी चालला, दुसऱ्या दिवशी घरी. हे वाचून कुणाला वाटेल वा काय झकास, तर थांबा. पुढचे तीन आठवडे मांडीच्या पुढच्या बाजूला भाजल्यासारखं व्हायचं, चादर लागली तरी नको वाटायची. ही वरची एल-४ नस, तिच्या अंगावरून नळी गेली म्हणून ती रुसली. सरांनी आधीच सांगितलं होतं असं होऊ शकतं, गोळ्या दिल्या, गेलं. अंगठ्याची ताकद मात्र दुखण्यासारखी पटकन आली नाही. चप्पल आता पडत नाही, पण टाचेवर चालायला सांगितलं की डावा पंजा उजव्यापेक्षा जरा खालीच राहतो अजून. चप्पल पडायला लागली तेव्हा आठवडाभर तरी कुणाला सांगितलं नव्हतं त्याने, आणि यावरून वहिनी त्याला अजून सोडत नाहीत.

आणि अजून एक, हे मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध सांगतोय. दादा बरा झाल्यावर आईच्या डोक्यात आलं की परत एकदा फोटो काढून खात्री करून घ्यावी, घरचंच मशीन आहे. मी नको म्हटलं, सरांनीही नकोच म्हटलं. ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत त्या जागी सूज, रक्त, भरणारी जखम असं सगळं असतं आणि चित्रात ते पुष्कळदा गादी तशीच असल्यासारखं दिसतं, माणूस ठणठणीत आणि फोटो वाईट. काही दुखत नसताना कंबरेत गादी सुकलेली किंवा सरकलेली दिसणं तर इतकं कॉमन आहे की बोलायची सोय नाही. २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आला होता, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन गोळा केलेले, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांत सुद्धा गादीची झीज दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. म्हणजे आईचा काढला तर तिच्यात पण गॅप निघणार. तसं तिला सांगितलं तर म्हणाली मग काढच.

आमच्या सेंटरला आता मी एक बदल केलाय. आधी कमरेचं ऑपरेशन झालेला पेशंट आला की फॉर्मवर ऑपरेशनचं साल, बाजू आणि कुठली गादी हे लिहून घेतो, त्यांच्याकडे जुनी सीडी असेल तर मागून घेतो, आडवे काप सलग घेतो, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरला एक फोन लावतो, की तुम्हाला नुसतं बघायचंय का आत जायचंय. मालक म्हणाले प्रत्येक पेशंटमागे सात-आठ मिनिटं जास्त जातात. जातात. लाईटबिल कमी आलेल्या महिन्यात त्यांना पटतं पण.

फेब्रुवारीत माल उतरवायला मी गेलो होतो गावी. दादा क्रेट उचलत नव्हता, बांधावर खुर्ची टाकून माणसांवर ओरडत होता, ब्लोअरला आता चुलतभावाचा पोरगा बसतो. शेजारच्या बागेतले एक काका आले, कंबर धरून, आणि दादाला विचारलं तुमचं काय झालं होतं नक्की. मी कान टवकारले, म्हटलं आता सांगेल तिकोन, व्रण, अकरा सेंटिमीटर, सगळं तर स्क्रीनसमोर बसून बघितलंय त्याने.

"काय नाही काका," दादा म्हणाला, "गॅप होता, दुर्बिणीनं भरला."